पत आणि पारख : माळव्याच्या हुंडीपासून संगणकावरील लिलावापर्यंत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांच्या नावाच्या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिला, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. पीपलरावांसारख्या, सोनकच्छ तहसिलीतील लहानशा गावी, हिंदीच्या मुलखात मराठी व्याख्यान ठेवावे आणि ते पुस्तिकारूपाने छापून दूरदूरच्या माजी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवावे, ही गोष्ट मला साधी वाटत नाही.

मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने संत-पंत-तंत कवींवर बोलावे अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र विषय घेतला आहे तो बाजाराचा. अनोळखी माणसाकडून, न पाहिलेली वस्तू, संगणकावरील लिलावात बोली लावून घ्यायची असेल, तर त्या विक्रेत्याच्या नावापुढे इतर गिऱ्हाइकांनी नोंदविलेले गुण आणि शेरे कसे वाचावेत, हा तो विषय. व्यवहारात सगळे त्याला 'रेटिंग' म्हणतात. विषय नवा दिसतो. पण त्याच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तो या माळव्याच्या भूमीत दोनशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता आणि त्याला येथील माणसांनी आपल्या परीने उत्तरही दिले होते. तो प्रश्न असा : ज्याला मी ओळखत नाही त्याच्यावर विश्वास कोणाच्या शब्दावर ठेवावा, आणि तो शब्द देणाऱ्याचे त्यात काय पणाला लागलेले असते?

हा विषय मला सुचला तो ग्रंथालयात नव्हे. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीतून तो सुचला. ती चूक मी योग्य ठिकाणी सांगेन.

१. दोन शब्द

भाषेच्या विद्यार्थ्याने आरंभ शब्दांपासून करावा. 'लिलाव' हा शब्द आपल्याला इतका घरचा वाटतो की तो परका आहे असे सांगितले तर नवल वाटते. तो पोर्तुगीज 'लेइलांव'वरून आला. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगीजांनी पगार, चावी, बटाटा, पाव या शब्दांबरोबर तोही आपल्याला दिला. हिंदीतील 'नीलाम' त्याच मुळाचा. चारचौघांत बोली लावून जास्तीत जास्त देणाऱ्यास माल द्यायचा, ही रीत आपल्याकडे अगदीच नव्हती असे नाही. पण तिचे आजचे नाव समुद्रावरून आले आहे.

दुसरा शब्द 'पत'. हा मात्र अस्सल आपला. 'त्याची बाजारात पत आहे' असे म्हणताना त्याच्यापाशी किती पैसा आहे हे आपण सांगत नसतो. त्याच्या शब्दावर दुसरा माणूस पैसा मोकळा करील, एवढेच सांगत असतो. संपत्ती तिजोरीत असते. पत दुसऱ्याच्या मनात असते. म्हणूनच ती चोरीला जात नाही, पण एका दिवसात बुडू शकते. पत बुडाल्यावर व्यापाऱ्याचे 'दिवाळे' निघते. देणे भागवू न शकणारा व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे, त्यावरून हा शब्द आला असे सांगतात. त्या दिव्याचा अर्थ वाटसरूलाही कळे. येथून पुढे या दुकानाशी व्यवहार करताना सावध राहा, अशी ती जाहीर सूचना असे. विक्रेत्याविषयीची वाईट नोंद सर्वांना दिसेल अशा जागी लावण्याची ही जुनी रीत आपण ध्यानात ठेवू. पुढे तिचे काम पडेल.

२. एका मुलखात अनेक राज्ये

आता आपल्या माळव्याकडे येऊ. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी सत्ता येथे स्थिरावली. धार येथे पवार, इंदुरास होळकर, उज्जैनीस शिंदे आणि देवास येथे तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंच्या दोन शाखा. देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदत होती, ही गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरची लढाई झाली, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि इंग्रजांचा अंमल माळव्यावर बसला. तरी संस्थाने राहिलीच. शिंदे, होळकर, धार, दोन्ही देवास, रतलाम, जावरा अशा लहानमोठ्या राज्यांची गोधडी १९४८ साली मध्यभारत संघ होईपर्यंत कायम होती.

अशा मुलखात व्यापार कसा चालावा? उज्जैनीच्या व्यापाऱ्याने पुण्याच्या किंवा सुरतेच्या व्यापाऱ्याला फसविले, तर फिर्याद कोणाकडे न्यायची? एका राज्याचा हुकूम चार कोसांवरच्या दुसऱ्या राज्यात चालत नसे. रोकड बरोबर न्यावी तर वाटेत पेंढारी. १८५७ च्या धामधुमीत कोकणातील वरसईहून उत्तरेकडे आलेल्या विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' ज्यांनी वाचला आहे, त्यांना मिळविलेले धन सुखरूप घरी नेणे किती अवघड होते हे निराळे सांगायला नको.

तरीही व्यापार चालला, आणि तो मोठ्या प्रमाणावर चालला. १८१८ नंतर मध्य हिंदुस्थानची व्यवस्था पाहणाऱ्या सर जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या द्विखंडात्मक ग्रंथात या प्रांताच्या शेतीबरोबर येथील सावकारी, हुंड्या आणि मालाचा विमा यांचीही दखल घेतली आहे. राज्ये वेगळी, नाणी वेगळी. पण हुंडी मात्र सर्वत्र चालत होती. सरकारी कायद्याच्या आधाराने ती चालत नव्हती, ती पतीच्या आधाराने चालत होती.

३. हुंडीची घडण

हुंडी म्हणजे एका पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेली, अमुक रक्कम अमक्यास द्यावी अशी चिठ्ठी. दाखविताक्षणी पैसे द्यायचे ती दर्शनी. मुदतीने द्यायचे ती मुदती. रक्कम लिहिताना खाडाखोड होऊ नये म्हणून ती अनेक परींनी लिहीत : रुपये हजार, त्याचे निमे पाचशे, त्याची दुप्पट पुरे हजार. मूळ हुंडी हरवली तर 'पैठ' देत, तीही हरवली तर 'परपैठ'. पैसे चुकते झाले की हुंडीचा 'खोका' होई आणि तो जपून ठेवला जाई.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यांतील दोन प्रकार फार मोलाचे आहेत. पहिला 'शाहजोग' हुंडीचा. ही हुंडी कोणाही वाटसरूला वटविता येत नसे. ती बाजारातील एखाद्या 'शाह'च्या, म्हणजे पतदार व्यापाऱ्याच्या, हातूनच सादर व्हावी लागे. पुढे ती हुंडी खोटी किंवा चोरीची निघाली, तर पैसे घेणाऱ्या शाहने ते व्याजासह परत करायचे. म्हणजे अनोळखी माणसाबद्दल जो ग्वाही देतो, त्याच्या ग्वाहीची किंमत त्याच्याच खिशातून वसूल होऊ शकते. दुसरा प्रकार 'जिकरी चिठ्ठी'चा. हुंडी ज्याच्यावर लिहिली त्याने ती नाकारली, तर त्याच गावातील अमुक पेढीने आमच्या नावाखातर ती स्वीकारावी, अशी चिठ्ठी सोबत असे. मित्रपेढी आपला पैसा घालून दुसऱ्याची अब्रू राखी. पण तीही कोणाची राखायची हे पारखून.

तंटा पडला तर तो बाजारातच सुटे. इंदुरास व्यापाऱ्यांची 'ग्यारह पंच' नावाची संस्था होती आणि होळकर दरबार तिचा शब्द मानीत असे. इंग्रज सरकारने १८८१ साली पराक्राम्य पत्रांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना धक्का लागू नये अशी तरतूद त्याच्या पहिल्याच कलमात केली. रूढीमागे किती बळ होते, हे यावरून दिसते.

या व्यवस्थेचे मला तीन विशेष दिसतात. एक, नोंद माणसाची नव्हे तर पेढीची असे. बापाची पत मुलाला मिळे आणि मुलाने केलेली लबाडी बापाच्या नावाला लागे. म्हणून कोणालाही रात्रीतून नाव बदलून सकाळी नवा व्यापारी होता येत नसे. दोन, ग्वाही देणाऱ्याचे स्वतःचे काही पणाला लागलेले असे. तीन, बातमी वाईट असली तर ती दडत नसे. दिवाळ्याचा दिवा भर दुपारी जळत असे.

तिचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर आपण गतकाळाचे भाट ठरू. ही पत जातीच्या आणि नात्यागोत्याच्या कुंपणात फिरत असे. नव्या, गरीब, परजातीच्या माणसाला त्या कुंपणात शिरणे दुरापास्त होते. शेतकऱ्याची पत सावकार ठरवी. सावकाराची पत ठरविण्याचा अधिकार शेतकऱ्याला नव्हता.

४. शिक्का आणि कसोटी

पत माणसाची असते, तशी मालाचीही असते. याचे ठळक उदाहरण माळव्याच्याच अफूचे. त्या व्यापाराने चीनमध्ये लक्षावधी माणसे नासली, हे विसरून त्याची कथा सांगता येत नाही. पण विश्वासाच्या इतिहासात तिला टाळताही येत नाही.

बंगाल-बिहारची अफू कंपनी सरकारच्या मक्त्याची होती. ती सरकारी कारखान्यांत तयार होई आणि कलकत्त्यास जाहीर लिलावात पेट्यांनी विकली जाई. पेटीवर सरकारी शिक्का असल्यामुळे खरेदीदार प्रत्येक पेटी फोडून पाहत बसत नसे. माळव्याची अफू खासगी व्यापाऱ्यांची. इंग्रजांनी ती आधी रोखून पाहिली, मग स्वतः विकत घेऊन पाहिली, आणि अखेर १८३० च्या सुमारास पेटीमागे कर घेऊन परवाने देण्याचा मार्ग पत्करला. परवाना सरकारचा असला तरी मालाची हमी सरकारची नव्हती. शेतकऱ्यापासून निर्यातदारापर्यंत माल अनेक हातांतून जाई आणि कोठेही त्यात भेसळ होऊ शके. म्हणून माळव्याच्या मालाला कसोटी लावावी लागे आणि पाठविणाऱ्या पेढीच्या नावावर भाव ठरे. एकीकडे शिक्क्यावरचा विश्वास, दुसरीकडे पारखीवरचा आणि नावावरचा विश्वास. १९१३ च्या सुमारास चीनकडील ही निर्यात थांबली. पण विश्वासाचे हे दोन मार्ग राहिले.

धान्याच्या बाजारातही असेच स्थित्यंतर घडले. आडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हात धरून, बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल त्या शेतकऱ्याला समोर उभे राहूनही भाव कळत नसे. वऱ्हाडात १८९७ च्या कायद्याने कापूस व धान्याच्या बाजारांचे नियमन सुरू झाले. मध्यप्रदेशात १९७२ साली मंडी कायदा झाला. उघड लिलावाने रुमाल दूर केला. पुढे १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कृषी बाजाराची संगणकीय व्यवस्था आरंभिली. तीत दूरच्या व्यापाऱ्यानेही बोली लावावी अशी कल्पना आहे. पण दूरचा व्यापारी सोयाबीनची मूठ हातात घेऊन पाहू शकत नाही. म्हणून आधी ओलावा, काडीकचरा, दाणा तपासून त्याची नोंद लावावी लागते. हाताच्या पारखीची जागा लेखी नोंदीने घेतली. येथे आपण आपल्या मूळ विषयाच्या दाराशी येऊन पोहोचतो.

५. अनोळखी माणसांचा बाजार

सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत पिअर ओमिड्यार या तरुण संगणकतज्ज्ञाने घरबसल्या लिलावाचे एक संकेतस्थळ सुरू केले. तेच पुढे 'ईबे' या नावाने जगभर प्रसिद्ध झाले. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेसर-दर्शक; तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. लवकरच तक्रारींचा ओघ सुरू झाला. प्रत्येक तंट्यात निवाडा करणे एका माणसाला शक्य नव्हते. म्हणून फेब्रुवारी १९९६ मध्ये त्याने एक युक्ती काढली : खरेदीदार आणि विक्रेता यांनी एकमेकांविषयी उघडपणे शेरा लिहावा. चांगला शेरा म्हणजे अधिक एक, वाईट म्हणजे उणे एक, मधला म्हणजे शून्य. बेरीज नावापुढे दिसावी. बेरीज दहा झाली की नावापुढे पिवळा तारा यावा.

थोडक्यात, ओमिड्यारने पंच नेमले नाहीत, शिक्का मारला नाही. त्याने सबंध बाजाराला 'शाह' केले. हुंडीच्या व्यवस्थेतील कुंपण यामुळे मोडले. कोणत्याही गावच्या, कोणत्याही जातीच्या माणसाला येथे पत कमावता येऊ लागली, आणि साध्या गिऱ्हाइकाला विक्रेत्याची पत ठरविण्याचा अधिकार मिळाला. ही लहान गोष्ट नव्हे.

आपल्याकडे २००० साली मुंबईत 'बाझी डॉट कॉम' निघाले. २००४ मध्ये ते ईबेने सुमारे पाच कोटी डॉलरला विकत घेतले. 'ईबे इंडिया' या नावाने तो बाजार अनेक वर्षे चालला, २०१७ मध्ये फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाला. जुनी नाणी, पोस्टाची तिकिटे, दुर्मिळ पुस्तके गोळा करणाऱ्या कितीतरी मराठी मंडळींनी बोली लावण्याचा पहिला धडा तेथे गिरविला. तो बाजार गेला, पण त्याने घालून दिलेली रीत आज प्रत्येक संकेतस्थळावर तारांकांच्या रूपाने उभी आहे.

६. नोंद कोठे फसवते

मी माझ्या चुकीकडे येतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका संकेतस्थळावर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती लिलावाला निघाली. विक्रेत्याच्या नावापुढे दोनशेहून अधिक चांगले शेरे होते. वाईट एकही नव्हता. जन्मभर ज्या कोशाची पुनर्मुद्रणे वापरली, त्याची मूळ प्रत हाती येणार या आनंदात मी बोली लावली आणि ती मला मिळाली. पुडके उघडले तेव्हा आत विसाव्या शतकातील पुनर्मुद्रण निघाले; त्याची पुढची पाने काढून जुन्या मुखपृष्ठाची छायाप्रत डकविलेली होती. ज्याने चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना पाठचिकित्सा शिकविली, त्याने दोनशे शेऱ्यांपैकी एकही उघडून वाचला नव्हता! मग वाचले. जवळजवळ सगळे शेरे वीस-पंचवीस रुपयांच्या तिकिटांचे आणि आगपेट्यांच्या छापांचे. मोठ्या किमतीची, पारख लागणारी वस्तू त्याने पूर्वी कधी विकलीच नव्हती.

येथवर चूक केवळ अक्कलखात्याची. पुढची अधिक गंभीर आहे. मी विक्रेत्याला फोन केला. तो अजिजीने बोलला, निम्मे पैसे परत करीन म्हणाला. मात्र एक विनंती केली : 'सर, वाईट शेरा तेवढा लिहू नका.' मला भीड पडली. म्हातारपणी तंटा कशाला, असेही वाटले. निम्मे पैसे आले आणि मी गप्प राहिलो. पाचसहा महिन्यांनी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. तिने त्याच विक्रेत्याकडून, माझ्या तिप्पट किमतीला, एका जुन्या ग्रंथाची तशीच बनावट प्रत घेतली होती. ती शिक्षिका, तो पैसा तिने साठवून ठेवलेला होता. ती म्हणाली, 'सर, मी नीट पाहिलं होतं. त्याच्यावर एकही वाईट शेरा नव्हता.' तो एक शेरा माझ्याकडे होता. मी तो निम्म्या किमतीला विकला होता.

माझ्यासारखे गप्प बसणारे किती असतात, याचा अभ्यास झालेला आहे. पॉल रेझ्निक आणि रिचर्ड झेकहाउझर या अमेरिकन अभ्यासकांनी ईबेवरील १९९९ मधील व्यवहारांची माहिती तपासली. सुमारे निम्म्या, नेमके सांगायचे तर ५२.१ टक्के, व्यवहारांतच खरेदीदारांनी शेरा लिहिला होता. आणि लिहिलेल्या शेऱ्यांत वाईट होते केवळ ०.६ टक्के. माणसे एवढी सज्जन झाली असे मानणे कठीण आहे. असंतुष्ट माणसे बोलत नाहीत, हे मानणे अधिक सयुक्तिक. एक कारण भीड, दुसरे कारण भय. तेव्हा विक्रेताही खरेदीदाराला वाईट शेरा देऊ शकत होता. तू मला उणे दिलेस तर मी तुला देईन, असा तो व्यवहार होता. हे ओळखून ईबेने २००७ मध्ये वर्णनाशी जुळणारा माल, संवाद, पाठविण्यास लागलेला वेळ आणि टपालखर्च या चार बाबींवर नाव न दिसता स्वतंत्र गुण देण्याची सोय केली, आणि २००८ मध्ये विक्रेत्याने खरेदीदाराला वाईट शेरा देण्याची वाट बंद केली.

पण चांगल्या नोंदीला मोल आहे, हेही त्याच अभ्यासकांनी दाखविले. एका जुन्या, नावाजलेल्या विक्रेत्याने जुनी पोस्टकार्डे काही आपल्या नावाने आणि तशीच काही नव्या, अपरिचित नावांनी विकायला ठेवली. ओळखीच्या नावाला खरेदीदार सरासरी ८.१ टक्के अधिक द्यायला तयार होते. २००६ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. माल तोच, माणूस तोच. अधिक पैसे मिळाले ते निव्वळ पतीचे. ज्या वस्तूला किंमत असते तिची नक्कलही होते. म्हणून कोणी स्वतःच स्वतःचा गिऱ्हाईक होतो, कोणी पैसे देऊन शेरे लिहवून घेतो, कोणी जुने चांगले खाते विकत घेतो, आणि कोणी, माझ्या विक्रेत्याप्रमाणे, तिकिटे विकून मिळविलेली पत एका कोशावर वटवितो.

७. नोंद वाचावी कशी

मग ही नोंद टाकाऊ समजावी काय? मुळीच नाही. जुनी हस्तलिखिते सदोष असतात म्हणून आपण ती फेकून देत नाही. आपण त्यांची चिकित्सा करतो. तीच शिस्त येथे लावावी.

पहिली गोष्ट, टक्केवारी आणि संख्या एकत्र पाहावी. पाच व्यवहारांतील शंभर टक्के आणि पाच हजारांतील नव्व्याण्णव टक्के यांत दुसरी साक्ष भारी. दुसरी, शेरे कधीचे आहेत ते पाहावे. दहा वर्षांची नोंद असावी, पण गेल्या काही महिन्यांची आधी वाचावी. पत उतरणीला लागते ती अखेरच्या पानांवर. बराच काळ निजलेले खाते एकाएकी महागड्या वस्तू विकू लागले, तर थांबावे. तिसरी, शेरे कशाबद्दल आहेत? तिकिटांच्या साक्षीने कोशाची खात्री होत नाही. आपण घेणार तशीच, तेवढ्याच किमतीची वस्तू पूर्वी विकली गेली होती का, हे शोधावे. चौथी, वाईट आणि मधले शेरे आधी वाचावेत, आणि त्यांवर विक्रेत्याने दिलेली उत्तरेही. 'टपालाला उशीर' आणि 'माल बनावट' हे दोन्ही उणे एकच. पण एक गैरसोय आहे आणि दुसरी लबाडी. तक्रारीला शांतपणे उत्तर देऊन पैसे परत करणारा विक्रेता कधीकधी निष्कलंक विक्रेत्यापेक्षा बरा. पाचवी, शेऱ्यांची भाषा पाहावी. एकाच आठवड्यात, एकाच ठशाचे, वस्तूविषयी काहीही न सांगणारे 'उत्तम, अतिउत्तम' असे दहा शेरे आले, तर एकाच हाताचे अक्षर ओळखण्याइतकी नजर आपल्याला असली पाहिजे.

आणि सहावी : नोंद कितीही उजळ असली तरी पैसा अशा मार्गाने द्यावा की तो परत मागता येईल. विक्रेता संकेतस्थळाबाहेर, थेट आपल्या खात्यात पैसे भरा म्हणू लागला, तर ती शाहजोग हुंडी सोडून वाटसरूच्या हाती रोकड देण्यासारखी गोष्ट आहे. नोंद भूतकाळाची साक्ष देते. आजच्या पुडक्यात काय आहे याची हमी ती देऊ शकत नाही.

कायदाही आता गप्प नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० मध्ये ई-वाणिज्याचे नियम झाले. विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिण्यास त्यांत मनाई आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने संकेतस्थळांवरील ग्राहक-अभिप्रायांसाठी आय. एस. १९००० हे ऐच्छिक मानक काढले. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यकेंद्राकडे तक्रार करता येते. हे सर्व उपयोगाचे आहे. तथापि १८८१ च्या कायद्याने जसे रूढीवर विसंबणे पसंत केले, तसा आजचा कायदाही अखेर आपल्या तुमच्या खऱ्या साक्षीवरच विसंबतो.

८. साक्ष देण्याचे ऋण

हुंडीच्या आणि आजच्या व्यवस्थेत एक मोठा फरक आहे. शाहची ग्वाही खोटी निघाली तर त्याला पदरचे पैसे भरावे लागत. आपण खोटा शेरा लिहिला, किंवा खरा लिहिला नाही, तर आपल्याला काहीच भरावे लागत नाही. भरतो तो आपल्यामागून येणारा अनोळखी माणूस. म्हणून या बाजारात शेरा वाचण्याइतकेच शेरा लिहिणे महत्त्वाचे आहे. वस्तू चांगली आली तर चार नेमके शब्द लिहावेत. एखाद्या नव्या, प्रामाणिक विक्रेत्याची पत त्यांनी उभी राहते. वाईट आली तर विक्रेत्याला दुरुस्तीची संधी द्यावी, आणि त्यानंतर जे घडले ते न वाढवता, न लपवता नोंदवावे. पैसे परत मिळाले, हेही लिहावे. पण परत मिळालेल्या पैशांत आपले मौन मोजून देऊ नये.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो, ते गुरुजी प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिताना फार वेळ घेत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. 'बरा आहे' हे दोन शब्द त्यांनी कधी कोणाच्या भिडेखातर लिहिले नाहीत आणि कोणाच्या रागापोटी अडविलेही नाहीत. त्यामुळे त्यांच्या 'बरा आहे'ला वजन होते. पुढे नोकरीसाठी, प्रवेशासाठी त्यांची चिठ्ठी घेऊन गेलेल्या मुलांना त्या वजनाचा उपयोग झाला.

फोन आला त्याच संध्याकाळी मी त्या विक्रेत्याच्या नावापुढे शेरा लिहायला बसलो. मुदत उलटून गेली होती. संकेतस्थळाने तो स्वीकारला नाही. मी व्यवस्थापकांना पत्र लिहिले, विद्यार्थिनीच्या तक्रारीला माझी साक्ष जोडली आणि मला परत मिळालेली निम्मी रक्कम तिला पाठविली. तिने ती घेण्यास फार आढेवेढे घेतले. मी तिला एवढेच कळविले, की ही शाहजोग हुंडी आहे, आणि ग्वाहीत कसूर झाली तर शाहने भरायचे असते.